विश्लेषण : जे बेट इंग्रजांना जिंकता आले नाही, तिथे त्यांनी दीपगृह का बांधले? कान्होजी आंग्रे आणि खांदेरीची गोष्ट

बीडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इकडे उजेडाचा उंच खांब म्हटला की देवळापुढची दीपमाळ आठवते. कोकणात तेच काम समुद्रासाठी दीपगृह करते. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोरील खांदेरी बेटावर असेच एक दीपगृह आहे. बांधले इंग्रजांनी, पण आज त्या बेटाला नाव आहे त्यांच्याच कट्टर शत्रूचे, सरखेल कान्होजी आंग्रे यांचे.

कान्होजी कोण होते?

जन्म १६६९चा. वडील तुकोजी शिवरायांच्या आरमारात होते, त्यामुळे कान्होजींचे लहानपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. राजाराम महाराजांच्या काळात ते मराठा आरमाराचे प्रमुख, म्हणजे सरखेल झाले. पुढे ताराबाई आणि शाहू यांच्या वादात ते आधी ताराबाईंकडे होते. शाहूंनी पाठवलेल्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळे यांना, त्यांनी कैदच केले. अखेर बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून १७१३-१४च्या सुमारास त्यांना शाहूंच्या बाजूला आणले. तलवारीने जे जमले नाही ते बोलण्याने जमले. या तहात कोकणातील किल्ल्यांवर कान्होजींचा ताबा मान्य झाला. त्यात खांदेरीही होते.

इंग्रज त्यांना चाचा का म्हणत?

या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्रेंचा परवाना, म्हणजे दस्तक घ्यावे, असा नियम होता. नसेल तर जहाज जप्त. पोर्तुगीज हेच कितीतरी वर्षे करत आले होते, तेव्हा ती चाचेगिरी ठरली नाही!

१७१८मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर आरमार पाठवले. ते हात हलवत परतले. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून गेले, सोबत इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजेही होती. तोही बेत फसला. ४ जुलै १७२९ रोजी, ऐन पावसाळ्यात, कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागेत आहे.

त्यानंतर मुलांमध्ये भांडणे लागली. १७५६मध्ये तर पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्रेंचा पाडाव केला आणि विजयदुर्गात आंग्रेंचे आरमार जळाले. इंग्रजांचे काम घरच्यांनीच सोपे करून दिले. १८१८मध्ये खांदेरीही इंग्रजांकडे गेले.

मग दीपगृह तिथेच का?

कारण बेटाची जागा. मुंबई बंदरात शिरणारे दक्षिणेकडचे जहाज खांदेरीवरून दिसते. शिवरायांनी १६७९मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही विरोध केला तो याचमुळे. जिथून जहाजे दिसतात तिथला दिवा जहाजांनाही दिसतो, म्हणून १८६७मध्ये इथे दीपगृह उभे राहिले.

दीपगृहावरच्या माणसांचे काम काय असे?

वीज येण्याआधी दिवा तेलावर चाले. भिंगे फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे, त्याला रात्रीतून पुन्हा पुन्हा चावी द्यावी लागे. प्रत्येक दीपगृहाच्या उजेडाची लय ठरलेली असते आणि खलाशी त्यावरूनच जागा ओळखतात. ती लय चुकली तर जहाज खडकावर जाऊ शकते. म्हणून रखवालदार पाळीपाळीने जागत. दिवसा काचा पुसायच्या आणि भिंगांवर पडदे ओढायचे, कारण त्याच भिंगांतून आलेले ऊन आग लावू शकते. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की शिधा पुरवून वापरायचा, आणि घरी कुणी आजारी असले तरी निघता येत नसे.

आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रे करतात. खांदेरीला १९९८मध्ये कान्होजींचे नाव देण्यात आले. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये खांदेरीही आहे. तिथे जायचे तर थळहून होडी मिळते, मात्र पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जाता येत नाही.