नामदार गोखले आणि सेवकांची निवड

परप्रांतातील कोणत्याही महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा वृत्तान्त काढून पाहावा. गणेशोत्सव व्हावा, नाटक बसवावे, ग्रंथालयास नवी कपाटे घ्यावीत, यांवर सभासदांचे एकमत असते. पुढील वर्षी कार्यवाह कोण, हा विषय निघाला की मात्र सभागृहात शांतता पसरते आणि एकेकाला मुलांच्या परीक्षा आठवू लागतात. वर्गणी जमते, देणग्याही मिळतात. पदरचे खाऊन नेमाने काम अंगावर घेणारा माणूस मिळणे दुर्घट. हीच अडचण एका मराठी पुरुषाने साऱ्या हिंदुस्थानच्या मापाने ओळखली आणि ती दूर करण्यासाठी आयुष्याची अखेरची दहा वर्षे वेचली. ते पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. कायदे कौन्सिलातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे १९११ चे विधेयक सर्वांच्या परिचयाचे आहे. सार्वजनिक कार्यासाठी माणसे निवडणारे, घडविणारे आणि प्रसंगी गमावणारे गोखले त्या मानाने कमी परिचित आहेत.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक येथे झाला. १८७९ मध्ये वडील कृष्णराव निवर्तले आणि थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यांतले ८ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सातांत त्यांनी संसार कसा चालविला असेल, हे सांगण्यास हिशेबाची वही नको. कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे शिकून गोपाळराव १८८४ मध्ये बी. ए. झाले. आपल्या उभारणीमागे दुसऱ्या कोणाचा तरी त्याग आहे, ही जाणीव त्यांना लहान वयातच झाली असली पाहिजे. पुढे दुसऱ्यांकडे त्यागाची मागणी करताना तो करणाऱ्याच्या घरची चूल त्यांनी कधी विस्मरली नाही, याचे मूळ बहुधा येथेच असावे.

१८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक म्हणून आले आणि पुढील वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे सेवा आणि महिना ७५ रुपये वेतन, हा त्या सदस्यत्वाचा करार. वकिलीत किंवा सरकारी नोकरीत कितीतरी अधिक कमावू शकणाऱ्या पदवीधरांनी तो पत्करावा, हीच त्या काळी अपूर्व गोष्ट होती. फर्ग्युसन महाविद्यालयात गोखल्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे पुढे येईल ते शिकविले, आणि सुट्टी लागली की महाविद्यालयाच्या निधीसाठी गावोगाव हिंडून दारोदार झोळी पसरली.

याच संस्थेत एक वाद पेटला. आजीव सदस्यांनी बाहेर द्रव्यार्जन करावे किंवा नाही, आपली शक्ती अन्य संस्थांत वाटावी किंवा नाही, हा वादाचा विषय. लोकमान्य टिळकांचा पक्ष कडक होता : संस्थेला वाहून घेतलेल्या माणसाने सर्वस्व तिलाच द्यावे. १८९० मध्ये गोखल्यांनी पुणे सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि ठिणगी पडली. त्याच वर्षी टिळक सोसायटीतून बाहेर पडले. या प्रकरणात दोष कोणाचा, यावर पुण्यात पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तीत भर घालण्याचे येथे कारण नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, पंधरा वर्षांनी गोखल्यांनी स्वतःची संस्था काढली तेव्हा सदस्याने स्वतःसाठी द्रव्यार्जनात शक्ती वेचू नये, असा नियम त्यांनी शपथेतच घातला. म्हणजे ज्या तत्त्वावरून टिळकांशी बिनसले, त्याच तत्त्वाशी ते अनुभवाच्या वाटेने येऊन पोहोचले. दोघांच्या अनुयायांनी ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली.

माणूस घडवावा कसा, हे गोखल्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी दाखविले. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, टाचणे करवीत, अर्ज व निवेदने लिहवीत आणि समाधान होईपर्यंत पुन्हा लिहावयास लावीत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन हे त्यांचे दुसरे विद्यालयच झाले. आकड्यांचा अभ्यास कसा करावा, हे त्यांनी गणेश व्यंकटेश जोशी यांच्याकडून घेतले. हे जोशी पेशाने शाळामास्तर. परंतु हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे त्यांचे ज्ञान असे की, कौन्सिलात सरकारला निरुत्तर करणाऱ्या भाषणांची पुष्कळशी तयारी त्यांच्या सल्ल्याने होई. असा मनुष्य पडद्याआड राहून काम करतो आणि कीर्ती दुसऱ्याच्या पदरी पडते, याची गोखल्यांना पुरती जाण होती.

यानंतरचे दोन अनुभव कडू होते. १८९५ मध्ये सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकपक्षाचे बहुमत झाले आणि रानडे व गोखले यांच्या हातून ती संस्था गेली. १८९६ मध्ये त्यांना डेक्कन सभा ही निराळी संस्था स्थापावी लागली. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत असता पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या जुलमाच्या हकिकती त्यांना पत्रांतून कळल्या. त्यांवर विसंबून त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा देता येईना, आणि पत्रलेखकांची नावे सांगण्यास त्यांनी साफ नकार दिला. तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली व पुण्याने त्यांना त्याबद्दल दीर्घकाळ क्षमा केली नाही. भारत सेवक समाजाच्या घटनेत अध्यक्षाच्या हाती एवढी सत्ता का, आणि उमेदवारांच्या तोंडाला एवढे कुलूप का, असे जे विचारतात त्यांनी ही दोन वर्षे डोळ्यांपुढे आणावीत. गोखल्यांनी स्वतः हा संबंध जोडला होता असा माझा दावा नाही; मला तो दिसतो.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या आणि १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदे कौन्सिलात गेले. फर्ग्युसनमधून ते त्याच वर्षी निवृत्त झाले. आता हिंदुस्थानभर प्रवास घडू लागला आणि ठिकठिकाणी एकच चित्र दिसू लागले : काँग्रेसचे अधिवेशन तीन दिवस थाटाचे होई आणि उरलेले वर्ष सुनेसुने जाई. वकील कोर्टाच्या सुट्टीत देशकार्य करीत, डॉक्टर रोग्यांतून वेळ उरल्यास. त्यांच्या निष्ठेविषयी गोखल्यांना शंका नव्हती. सवडीच्या देशभक्तीवर संस्था चालत नाही, एवढे त्यांनी हेरले.

१२ जून १९०५ रोजी पुण्यास, फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज, स्थापन झाला. (१९५२ साली नियोजनाच्या कार्यास हातभार लावण्यासाठी निघालेला त्याच नावाचा समाज वेगळा; दोहोंची गल्लत नेहमी होते.) गोखल्यांसह चार जणांनी शपथ घेतली. इतर तिघे म्हणजे नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. शपथेची कलमे सात. देशाला मनात पहिले स्थान देणे, सेवेत स्वतःचा लाभ न पाहणे, जात व धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानणे, समाज देईल त्या निर्वाहावर संतुष्ट राहणे, खाजगी आयुष्य शुद्ध ठेवणे, कोणाशी वैयक्तिक भांडण न करणे आणि समाजाच्या हेतूंशी एकनिष्ठ राहणे. सहावे कलम वाचून अनेक मंडळांचे माजी पदाधिकारी स्मित करतील. गोखल्यांना आपल्या लोकांची पारख होती, एवढाच त्याचा अर्थ.

प्रवेशानंतर पाच वर्षे उमेदवारी. त्यांपैकी एकूण तीन वर्षे पुण्याच्या वास्तूत राहून अभ्यास, आणि दोन वर्षे प्रथम सदस्याच्या, म्हणजे गोखल्यांच्या, मार्गदर्शनाखाली देशभर प्रवास. या काळात परवानगीवाचून जाहीर भाषण नाही की वृत्तपत्रात लेख नाही. ज्या काळात विशीतला प्रत्येक पदवीधर व्यासपीठाकडे धावत होता, त्या काळात वक्तृत्वाबद्दल नावाजलेल्या पुढाऱ्याने तरुणांना पाच वर्षे ऐकावयास आणि वाचावयास बसविले. निर्वाहवेतन उमेदवारीत महिना ३० रुपये, पुढे ५०. ही रक्कम तुटपुंजी खरी. पण त्याग करावयाचा तर बायकामुलांनी उपाशी राहून, अशी अट गोखल्यांनी घातली नाही.

असल्या अटींवर कोण येणार, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. तरी माणसे आली, आणि पुण्याबाहेरून आली. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते आणि शिक्षक म्हणून नाव झालेले होते. उत्तरेकडून पंडित हृदयनाथ कुंझरू १९०९ मध्ये आले. त्याच वर्षी आलेले नारायण मल्हार जोशी हेही शिक्षकच. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आले. मुंबई नगरपालिकेतील एक अभियंता, अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, १९१४ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन समाजात आला तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. भंगी कामगारांच्या वस्त्या त्याने नोकरीच्या निमित्ताने पाहिल्या होत्या. तेच पुढे देशाला ठक्करबाप्पा म्हणून ठाऊक झाले.

शाखा काढण्याची गोखल्यांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. आधी नकाशावर खुणा करून मग तेथे पदाधिकारी बसवावेत, असे त्यांनी केले नाही. विश्वासाचा माणूस तयार झाला की त्याच्याभोवती शाखा उभी राहू द्यावयाची. मद्रासेस शास्त्री, मुंबईस देवधर व जोशी, उत्तरेत कुंझरू, आणि नागपुरास द्रविड, ज्यांनी समाजाच्या ‘हितवाद’ पत्राची धुरा वाहिली. माणूस नसेल तेथे शाखा नाही. यामुळे समाज हळू वाढला आणि गोखल्यांच्या हयातीत मूठभरच राहिला. स्त्रियांना तर सदस्यत्वात स्थानच नव्हते. रमाबाई रानड्यांसारखी कर्ती स्त्री त्याच पुण्यात पुढाकार घेऊन काम करीत असता हे न सुचावे, हे आज खटकते. देवधरांनी १९०९ मध्ये रमाबाईंना पुणे सेवासदनाच्या कार्यात साथ दिली, तेवढीच त्या उणिवेची भरपाई.

आलेल्यांइतकीच न आलेल्यांची कथाही बोलकी आहे. १९१० मध्ये कलकत्त्यात गोखल्यांनी बिहारमधील होतकरू तरुणांची चौकशी केली, तेव्हा वकिलीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका पंचवीस वर्षांच्या बुद्धिमान विद्यार्थ्याचे नाव त्यांच्या कानी आले. त्याला बोलावून त्यांनी बराच वेळ समजाविले. वकिलीत पैसा व मान मिळेल, हे त्यांनी लपविले नाही. देशाचाही काही हक्क आहे, एवढे सांगितले आणि ताबडतोब उत्तर न मागता विचार करण्यास वेळ दिला. तो तरुण कित्येक दिवस अस्वस्थ होता. थोरल्या बंधूंपुढे बोलण्याचा धीर न झाल्याने त्याने त्यांना पत्र लिहिले. ते वाचून बंधूंच्या डोळ्यांना अश्रू आले, आणि ते पाहून त्याचा निश्चय ढळला. तो तरुण म्हणजे राजेंद्रप्रसाद. गोखल्यांनी त्यांच्यावर पुन्हा दडपण आणल्याचे दिसत नाही. स्वतःच्या थोरल्या भावाच्या आठ रुपयांवर शिकलेल्या माणसाला ते अश्रू परके वाटले नसावेत.

सर्वांत मोठी निवड मात्र अखेरपर्यंत तडीस गेली नाही. गांधीजींवर गोखल्यांचा जीव होता. १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांचे कार्य पाहून आले होते. गांधीजी मायदेशी परतले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये पुण्यास आले, तेव्हा त्यांनी समाजात यावे ही गोखल्यांची उत्कट इच्छा होती. परंतु गांधीजींचे विचार व कार्यपद्धती समाजाच्या वळणात बसेल किंवा नाही, याविषयी सदस्यांना शंका होती. प्रथम सदस्याचा शब्द त्या घटनेत शेवटचा होता; तरीही गोखल्यांनी त्यांच्यावर हुकूम चालविला नाही. सदस्य आपल्या तत्त्वांना घट्ट धरून आहेत, तेव्हा ते स्वीकारतील किंवा नाही हे सांगता येत नाही, असे त्यांनी गांधीजींना मोकळेपणी कळविले. त्याच वेळी डॉक्टर देवांना बोलावून समाजाच्या वह्यांत गांधीजींच्या नावे खाते उघडावयास लावले आणि आश्रमासाठी व सार्वजनिक खर्चासाठी त्यांना लागेल ते द्यावे, अशी सूचना दिली. निरोपादाखल समाजाच्या आवारात भुईमूग, खजूर व फळे यांचा साधा उपाहार योजला होता. मधुमेहाने खंगलेले गोखले हट्टाने चालत तेथे आले आणि मूर्च्छित झाले. शुद्धीवर येताच कार्यक्रम चालू ठेवा, असा निरोप त्यांनी धाडला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. गांधीजी शांतिनिकेतनाहून पुण्यास धावले. प्रवेशाचा प्रश्न पुन्हा निघाला, सदस्यांत मतभेद कायम राहिले, तेव्हा निवडणुकीत निसटत्या मतांनी आत शिरण्यापेक्षा गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. गोखल्यांच्या हाती एकवटलेली सत्ता त्यांच्यामागे तशीच कोणाला पेलणे शक्य नव्हते. समाजाचे अध्यक्षपद मद्रासच्या त्या माजी मुख्याध्यापकाकडे, श्रीनिवास शास्त्र्यांकडे, आले. १९२७ मध्ये देवधर अध्यक्ष झाले, आणि १९३६ पासून हृदयनाथ कुंझरू. वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास गोखल्यांपुढे शपथ घेतलेले कुंझरू १९७८ साली, नव्वदाव्या वर्षी निधन पावेपर्यंत त्या पदावर होते.