कार्टूनमध्ये डोळे बाहेर काढणाऱ्या टेक्स एव्हरीला स्वतःला एकाच डोळ्यानं दिसायचं

स्टेजवर मुलगी गाणं म्हणायला येते आणि समोर बसलेल्या लांडग्याचे डोळे फटकन हातभर बाहेर येतात. मग तो शिट्ट्या मारतो, टेबल बडवतो, स्वतःलाच कुटून घेतो.

असला सीन आपण कार्टूनमध्ये शंभर वेळा पाहिलाय. तो ज्यानं टोकाला नेला, त्या माणसाचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नाही. त्याचं नाव फ्रेडरिक बीन एव्हरी. टेक्सासचा म्हणून सगळे त्याला टेक्स म्हणायचे.

टेक्सचा जन्म २६ फेब्रुवारी १९०८ चा, टेलर नावाच्या छोट्या गावातला. शाळा झाली डॅलसमध्ये. पोरगं चित्रं काढायचं आणि वृत्तपत्रात चित्रपट्टी करायचं स्वप्न बघायचं. ते काही जमलं नाही. मग तो लॉस एंजेलिसला गेला आणि वॉल्टर लँट्झच्या कार्टून स्टुडिओत लागला.

तिथं पोरांचा एक टाइमपास चालायचा. रबर बँड ताणायचा आणि एकमेकांवर कागदाचे गोळे मारायचे. एक दिवस कुणीतरी गोळ्याऐवजी पेपर क्लिप लावली. ती थेट टेक्सच्या डाव्या डोळ्यात घुसली आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली.

१९३५ मध्ये टेक्स वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरकडे दिग्दर्शक म्हणून आला. त्याच्या टीमला जागा मिळाली एका जुन्या लाकडी बंगल्यात. तिथं इतकी वाळवी होती की पोरांनी त्या जागेचं नावच ‘टर्माइट टेरेस’ ठेवलं. चक जोन्स आणि बॉब क्लॅम्पेट याच टीममध्ये होते. पुढं दोघंही मोठे दिग्दर्शक झाले.

तेव्हा कार्टून म्हणजे डिस्ने, आणि डिस्नेला कार्टून खऱ्यासारखं दिसायला हवं होतं. टेक्सचं उलटं होतं. कार्टूनमध्ये काहीही होऊ शकतं, तर मग ते खऱ्यासारखं कशाला करायचं?

१९३७ मध्ये त्यानं डॅफी डक आणला. १९४० मध्ये ‘अ वाइल्ड हेअर’ आला. खोडकर ससा वॉर्नरच्या कार्टूनमध्ये आधीही दिसला होता, पण तो नुसताच धिंगाणा घालायचा. टेक्सचा ससा समोर बंदूक असताना निवांत गाजर चघळतो आणि शिकाऱ्यालाच ‘डॉक’ म्हणून विचारपूस करतो. हे ‘डॉक’ टेक्सच्या शाळेतल्या पोरांच्या बोलण्यातलं. जगाला बग्ज बनी मिळाला तो इथं.

पण पुढच्याच वर्षी ‘द हेकलिंग हेअर’च्या शेवटावरून टेक्सचं श्लेसिंगरशी वाजलं. शेवट कापला गेला. टेक्सनं स्टुडिओ सोडला आणि बग्ज बनी मागंच राहिला.

मग तो एमजीएममध्ये गेला. टॉम अँड जेरी बनवणारे हॅना आणि बार्बेरा तिथंच होते. टेक्स आल्यावर टॉम अँड जेरीचाही वेग वाढला, मारामारी आणखी भन्नाट झाली. १९४३ मध्ये त्यानं रडक्या चेहऱ्याचा ड्रूपी आणला. लांडगा तुरुंगातून पळून जगाच्या टोकाला जातो आणि ड्रूपी तिथं आधीच हजर असतो. वर सांगितलेला सीन असलेला ‘रेड हॉट रायडिंग हूड’ही त्याच वर्षीचा.

टेक्सचं खरं हत्यार होतं टायमिंग. फिल्मच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. डोक्यावर ऐरण पडायची असेल, तर ती पाचेक फ्रेम दिसली तरी प्रेक्षकाला कळतं, हे त्यानं हेरलं होतं. तयार फिल्ममधूनही तो एकदोन फ्रेम कापत बसायचा.

याच अट्टाहासानं त्याला पोखरलं. १९५० च्या सुमारास तो इतका थकला की जवळपास वर्षभर काम सोडून घरी बसला. १९५३ मध्ये एमजीएमनं त्याची टीमच बंद केली. तो परत लँट्झकडे गेला, चिली विली या पेंग्विनला लोकप्रिय केलं आणि चार फिल्म करून पैशांच्या वादातून बाहेर पडला. पुढची कित्येक वर्षं त्यानं जाहिराती केल्या. ‘रेड’ स्प्रे बघून किंचाळणारे किडे त्याचेच.

टेक्सच्या सगळ्याच गोष्टी कौतुकाच्या नाहीत. कृष्णवर्णीयांची हिणकस थट्टा असल्यामुळे वॉर्नरची ११ कार्टून १९६८ पासून टीव्हीवर दाखवणं बंद झालं. त्यातली काही त्याची होती.

शेवटची नोकरी त्यानं केली ती हॅना-बार्बेराकडे, म्हणजे एमजीएममधल्या जुन्या सहकाऱ्यांकडे. आता ते मालक होते आणि हा पगारी गॅग लिहीत होता. एमजीएमच्या काळात टॉम अँड जेरीला सात ऑस्कर मिळाले. टेक्सच्या फिल्मना नामांकनं मिळाली, ऑस्कर एकदाही नाही.

२६ ऑगस्ट १९८० ला फुप्फुसाच्या कॅन्सरनं टेक्स गेला. चौदा वर्षांनी ‘द मास्क’ आला. त्यात जिम कॅरी टीव्हीवर टेक्सचाच लांडगा बघत बसतो आणि नंतर नाइटक्लबमध्ये त्याचे स्वतःचे डोळे तसेच बाहेर येतात.