विल्हेल्म मायबाख

विल्हेल्म मायबाख (९ फेब्रुवारी, १८४६ - २९ डिसेंबर, १९२९) हे जर्मन अभियंते व संशोधक होते. गोटलीब डाइमलर यांचे सहकारी, फवारा पद्धतीच्या कार्बोरेटरचे एक जनक आणि पहिल्या मर्सिडीज मोटारीचे रचनाकार म्हणून ते ओळखले जातात. फ्रान्समधील मोटारक्षेत्रात त्यांना रचनाकारांचा राजा म्हटले जात असे.

बालपण आणि शिक्षण

मायबाख यांचा जन्म हाइलब्रोन येथे एका सुताराच्या घरी झाला. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्यांचे आई-वडील दोघेही निवर्तले. त्यानंतर रॉइटलिंगेन येथील गुस्ताव वेर्नर यांच्या अनाथाश्रमात ते वाढले. आश्रमाला जोडून यंत्रांचा कारखाना होता. तेथे त्यांनी यांत्रिक आरेखनाचे शिक्षण घेतले. १८६५च्या सुमारास त्या कारखान्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या डाइमलर यांच्याशी त्यांची ओळख झाली. डाइमलर त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे होते. ही सोबत डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

डाइमलर यांच्यासोबतचे कार्य

डाइमलर यांच्यामागोमाग मायबाख प्रथम कार्ल्सरूह येथे आणि १८७२मध्ये क्योल्नजवळील डॉइट्झच्या इंजिन कारखान्यात गेले. तेथे ते मुख्य रचनाकार होते. निकोलाउस ओटो यांच्या १८७६च्या चार धावांच्या इंजिनाला कारखान्यात उत्पादन करण्याजोगे रूप देण्याचे काम त्यांनी केले. १८८२मध्ये दोघांनी ती नोकरी सोडली आणि श्टुटगार्टजवळील कान्स्टाट येथे डाइमलर यांच्या बागेतील काचघरात प्रयोगशाळा थाटली. तेथून रात्रंदिवस येणाऱ्या आवाजांमुळे आत खोटी नाणी पाडली जात असल्याचा संशय घेतला गेला व पोलिसांनी झडती घेतली, असे सांगितले जाते.

त्या काळची इंजिने जड आणि संथ होती. मायबाख यांनी मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेणारे हलके इंजिन घडवले. १८८५मध्ये ते लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर, १८८६मध्ये चारचाकी गाडीवर बसवण्यात आले.

फवारा कार्बोरेटर

पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे पंधरा पट हवा लागते. आरंभीच्या कार्बोरेटरमध्ये हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा त्यातून नेली जाई आणि सोबत वाफ घेऊन सिलिंडरमध्ये जाई. यात मोठा दोष होता. पेट्रोलमधील हलका अंश आधी उडून जाई व जड अंश मागे राही, त्यामुळे मिश्रण सतत बदलत असे. हवामान व रस्त्यावरील हादरे यांचाही त्यावर परिणाम होई.

१८९०मध्ये डाइमलर कंपनी स्थापन झाली. मात्र भागधारकांनी देऊ केलेल्या अटी मान्य नसल्याने मायबाख १८९१मध्ये तेथून बाहेर पडले. डाइमलर यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी कान्स्टाटमधील हर्मान नावाच्या बंद पडलेल्या हॉटेलात काम सुरू ठेवले. याच काळात, १८९३मध्ये, त्यांनी फवारा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनीही अशाच रचनेचे पेटंट घेतले. त्यामुळे या शोधाच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत.

मायबाख यांच्या रचनेत एका लहान कप्प्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी स्थिर राखतो. ही पातळी जेटच्या, म्हणजे बारीक छिद्राच्या नळीच्या, तोंडापेक्षा किंचित खाली असते. दट्ट्या खाली जाताना हवा वेगाने आत ओढली जाते, जेटपाशी दाब कमी होतो आणि पेट्रोल फवाऱ्याच्या रूपाने हवेत मिसळते. त्यामुळे वाफ होण्याची वाट पाहावी लागत नाही आणि पेट्रोलचे सर्व अंश सारख्याच प्रमाणात वापरले जातात.

पहिली मर्सिडीज

मायबाख यांनी याच काळात घडवलेल्या दोन सिलिंडरच्या फिनिक्स इंजिनाला मागणी आली. ब्रिटिश उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी त्याचे हक्क विकत घेताना डाइमलर यांना परत बोलावण्याची अट घातली. त्यानुसार १८९५मध्ये डाइमलर व मायबाख दोघेही कंपनीत परतले. मार्च १९००मध्ये डाइमलर यांचे निधन झाले. त्याच वर्षी व्यापारी एमिल येलिनेक यांच्या मागणीवरून मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीची मोटार तयार केली. तिला येलिनेक यांच्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव देण्यात आले. तिच्या चार सिलिंडरना दोन कार्बोरेटर होते, प्रत्येक जोडीला एक. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या तिच्या रेडिएटरमध्ये ८,०७० बारीक नळ्या होत्या. मार्च १९०१मध्ये नीस येथील शर्यतींत ही मोटार विजयी ठरली.

उत्तरायुष्य

डाइमलर यांच्या पश्चात कंपनीत मायबाख एकाकी पडले. त्यांना मुख्य रचनाकामापासून दूर करण्यात आले आणि १९०७मध्ये त्यांनी कंपनी सोडली. १९०९मध्ये त्यांनी काउंट त्सेपेलिन यांच्यासोबत हवाई जहाजांची इंजिने बनवणारी कंपनी काढली. तिची धुरा त्यांचे पुत्र कार्ल यांनी सांभाळली. मायबाख नावाच्या मोटारी कार्ल यांच्याच काळात, १९२१पासून, बनू लागल्या. १९१६मध्ये श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने विल्हेल्म मायबाख यांना मानद डॉक्टरेट दिली. निधनानंतर कान्स्टाटच्या उफ दफनभूमीत, जेथे डाइमलर यांचीही समाधी आहे, त्यांचे दफन झाले.

वारसा

इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली येईपर्यंत पेट्रोल मोटारींमध्ये फ्लोट आणि जेट यांचीच रचना प्रचलित होती. मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनीही याच तत्त्वावर चाले. जुन्या मोटारींचे मालक आजही घरी कार्बोरेटर जुळवताना प्रथम फ्लोटची पातळी तपासतात, जेट साफ करतात व मग स्क्रू फिरवून मिश्रण ठरवतात. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर येतो व प्लगवर काजळी धरते. कमी पडले तर इंजिन अडखळते व तापते. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींतून हवा सारखी जाते की नाही, हेही पाहावे लागते.