नॅट किंग कोल

नॅट किंग कोल (जन्मनाव: नॅथॅनिएल ॲडम्स कोल्स, १७ मार्च, १९१९ - १५ फेब्रुवारी, १९६५) हे अमेरिकन गायक व जॅझ पियानोवादक होते. मायक्रोफोनजवळ मंद, जिव्हाळ्याच्या स्वरात गाणाऱ्या 'क्रूनर' गायकांमध्ये बिंग क्रॉस्बी आणि फ्रँक सिनात्रा यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते.

== सुरुवातीचे जीवन ==
कोल यांचा जन्म अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब शिकागोला स्थलांतरित झाले. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. पियानोचे पहिले धडे त्यांना आईकडूनच मिळाले. पुढे अर्ल हाइन्स यांच्या वादनाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. १९३७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी पियानो, गिटार व बास अशा तीनच वाद्यांचा 'किंग कोल ट्रायो' उभा केला. ड्रम नसलेली ही रचना त्या काळात वेगळी होती आणि पुढील अनेक वादकांनी तिचे अनुकरण केले. गायक म्हणून मिळालेल्या कीर्तीमुळे कोल यांच्या वादनाकडे काहीसे दुर्लक्ष झाले, हे मान्य करावे लागते.

== गायन ==
विजेवर चालणारा मायक्रोफोन येण्यापूर्वी गायकाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. मायक्रोफोनमुळे कुजबुजही ध्वनिमुद्रित होऊ लागली आणि श्रोत्याला गायक आपल्या एकट्याशीच बोलत असल्यासारखे वाटू लागले. कोल यांचा आवाज फार विस्तृत पल्ल्याचा नव्हता. त्यांचे सामर्थ्य सुस्पष्ट उच्चारांत आणि कोठेही घाई न करण्यात होते. 'नेचर बॉय' (१९४८), 'मोना लिसा' (१९५०) व 'अनफर्गेटेबल' (१९५१) ही त्यांची गाणी अतिशय गाजली. ते ज्या कॅपिटॉल कंपनीसाठी गात, तिच्या हॉलिवूडमधील गोल इमारतीला 'नॅटने बांधलेले घर' असे गमतीने म्हटले जाई.

== वंशभेदाचा सामना ==
ज्या गोऱ्या कुटुंबांच्या दिवाणखान्यात कोल यांच्या तबकड्या वाजत, त्यांपैकी अनेकांना ते शेजारी म्हणून नको होते. १९४८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. गोऱ्यांखेरीज इतरांना घर न विकण्याचे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला होता. तरीही रहिवाशांनी कोल कुटुंबाला विरोध केला. त्यांच्या हिरवळीवर वंशद्वेषी शब्द जाळून उमटवण्यात आला आणि त्यांच्या कुत्र्यावर विषप्रयोग झाला. कोल यांनी घर सोडले नाही.

१० एप्रिल, १९५६ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे गोऱ्या प्रेक्षकांसमोर गात असताना वर्णवर्चस्ववाद्यांनी रंगमंचावर चढून त्यांच्यावर हल्ला केला. त्यानंतर टीका झाली ती मात्र कोल यांच्यावरच. वर्णानुसार वेगळ्या बसवलेल्या प्रेक्षकांसमोर ते गातातच कसे, असा प्रश्न कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी विचारला. कोल स्वतःला केवळ कलावंत मानत आणि राजकीय भूमिका घेण्याचे टाळत. ही टीका त्यांच्या जिव्हारी लागली आणि ते नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचे आजीव सदस्य झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनबीसी वाहिनीवर 'द नॅट किंग कोल शो' सुरू झाला. एला फिट्झगेराल्ड, हॅरी बेलाफाँटे यांच्यासारखे कलावंत नाममात्र मानधनावर त्यात सहभागी झाले. परंतु दक्षिणेतील ग्राहक दुरावतील या भीतीने एकही मोठा राष्ट्रीय प्रायोजक पुढे आला नाही. डिसेंबर १९५७ मध्ये कोल यांनी स्वतःच कार्यक्रम थांबवला.

== मृत्यू व नंतर ==
कोल यांना सिगारेटचे जबर व्यसन होते. धूम्रपानाने आवाजाला भारदस्तपणा येतो अशी त्यांची समजूत होती. 'एल-ओ-व्ही-ई' या अल्बमचे ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६४ मध्ये झाले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग बळावला होता. वयाच्या ४५ व्या वर्षी सँटा मोनिका येथे त्यांचे निधन झाले.

१९९१ मध्ये त्यांची कन्या, गायिका नॅटली कोल यांनी वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला आपला आवाज जोडून 'अनफर्गेटेबल' हे युगुलगीत सादर केले. १९९२ च्या ग्रॅमी सोहळ्यात ते वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत ठरले, आणि गीतकार अर्व्हिंग गॉर्डन यांना चाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्यासाठी पुरस्कार मिळाला.