विल्यम शँक्स

विल्यम शँक्स (जन्म : २५ जानेवारी १८१२, कॉर्सेनसाइड, नॉर्थम्बरलंड, इंग्लंड, मृत्यू : जून १८८२, होटन-ले-स्प्रिंग, डरहॅम परगणा, इंग्लंड) हे हौशी इंग्लिश गणिती होते. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर असलेल्या पाय या स्थिरांकाची किंमत त्यांनी केवळ कागद व लेखणी यांच्या आधारे ७०७ दशांश स्थळांपर्यंत काढली. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही किंमत सुमारे सात दशके जगातील सर्वांत लांब किंमत मानली गेली. तिच्यातील पहिली ५२७ स्थळेच बरोबर आहेत, हे १९४५ मध्ये उघडकीस आले.

जीवन

शँक्स यांनी कोणत्याही विद्यापीठात पद भूषवले नाही. होटन-ले-स्प्रिंग या कोळसाखाणींच्या परिसरातील गावी ते निवासी शाळा चालवत. अंकगणिताचे पहिले धडे त्यांनी विल्यम रदरफर्ड यांच्याकडे घेतले होते व पुढे याच शिक्षकाने त्यांच्या आकडेमोडीची पडताळणी केली. सकाळी नवे अंक काढायचे आणि दुपारी सकाळचे काम तपासायचे, असा त्यांचा दिनक्रम असल्याचे सांगितले जाते.

गणनेची पद्धत

शँक्स यांनी जॉन मेचिन यांचे १७०६ मधील सूत्र वापरले. ज्याची स्पर्शज्या १/५ आहे अशा कोनाच्या चौपटीतून ज्याची स्पर्शज्या १/२३९ आहे असा कोन वजा केल्यास पायचा चतुर्थांश मिळतो (कोन रेडियनमध्ये). हे दोन्ही कोन ग्रेगरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रेणीने काढता येतात. केरळमधील माधव यांना ती श्रेणी ग्रेगरींच्या कितीतरी आधी ज्ञात होती.

प्रत्यक्ष कृतीत अवघड असे काही नाही. अवघड आहे ती तिची लांबी. १/५ ला पुन्हा पुन्हा २५ ने भागत जायचे, येणाऱ्या संख्यांना अनुक्रमे ३, ५, ७, ९ अशा विषम संख्यांनी भागायचे आणि ती पदे आळीपाळीने वजा व अधिक करायची. दुसऱ्या श्रेणीत २५ ऐवजी २३९ चा वर्ग म्हणजे ५७,१२१ हा भाजक येतो. ७०७ स्थळांसाठी पहिल्या श्रेणीची सुमारे ५०० आणि दुसरीची सुमारे १५० पदे लागतात. बहुतेक प्रत्येक पदाला दोन भागाकार, म्हणजे एकूण सुमारे १,३०० भागाकार होतात; त्यांपैकी सुरुवातीचे सातशे अंकी, पुढचे क्रमाने आखूड.

दशांश चिन्ह बाजूला ठेवून आरंभी एकावर सातशेहून अधिक शून्ये मांडली, तर हे सारे पूर्णांकांचेच गणित ठरते. संगणकशास्त्रात ज्याला यथेच्छ अचूकतेचे पूर्णांक अंकगणित म्हणतात, त्याचे हे हाताने केलेले रूप होय. संगणक मोठी संख्या ६४ बिटांच्या तुकड्यांत साठवतो आणि एका तुकड्याची बाकी किंवा हातचा शेजारच्या तुकड्याकडे नेतो; शँक्स हेच काम दशमान अंकांवर करत होते. दोन्हीकडे धोकाही सारखाच आहे. भागाकारात एक बाकी चुकली की तिच्या उजवीकडील सर्व अंक बिघडतात आणि तो भागाकार २५ च्या घातांच्या साखळीतला असेल, तर पुढची सर्व पदेही बिघडतात. उलट गुणाकार करून एकेक भागाकार तपासता येतो. परंतु एखादे पद बेरजेत घ्यायचेच राहिले किंवा त्याचे अंक एक घर सरकले, तर अशा तपासणीत ते दिसत नाही.

१८५३ ते १८७३

१८५३ मध्ये रदरफर्ड यांनी पायची किंमत ४४० स्थळांपर्यंत काढली व ती शँक्स यांच्या किमतीशी जुळली. त्याच वर्षी शँक्स यांनी आपली गणना प्रथम ५३० व नंतर ६०७ स्थळांपर्यंत नेऊन ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जर्मनीतील रिक्टर यांनी स्वतंत्रपणे काढलेल्या ५०० स्थळांशीही शँक्स यांचे अंक जुळले. दुसऱ्या कोणी तपासलेला भाग येथे संपला. चूक त्याच्या पलीकडे, ५२८ व्या स्थळी होती.

वीस वर्षांनंतर शँक्स यांनी पुन्हा हे काम हाती घेतले. मात्र त्यांनी नव्याने आरंभ न करता जुनीच गणना पुढे वाढवली, त्यामुळे मूळ चूक ७०७ स्थळांच्या किमतीतही उतरली. पूर्वी छापलेल्या अंकांत त्यांना याच सुमारास काही विसंगती आढळल्या व त्या त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दुरुस्त केल्या; ५२८ वे स्थळ मात्र नजरेतून सुटले. शेवटचे १८० अंक, म्हणजे वाढीव श्रमांचे सर्व फळ, निरुपयोगी ठरले. शँक्स यांना हे कधीच कळले नाही.

इतर कार्य

नैसर्गिक लघुगणकांचा आधार असलेल्या ई या स्थिरांकाच्या त्यांच्या किमतीत जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर यांना १३७ स्थळांनंतर चूक आढळली. ती सुधारून शँक्स यांनी २०५ स्थळे दिली. येथे तपासणारा हयातीत भेटला, एवढाच फरक. २, ३, ५ व १० यांचे नैसर्गिक लघुगणकही त्यांनी १३७ स्थळांपर्यंत काढले. याशिवाय १,१०,००० पर्यंतच्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकातील आवर्ती दशांशांच्या लांबीची कोष्टके त्यांनी तयार केली (उदा. १/७ मध्ये १४२८५७ हा सहा अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो). पायच्या तुलनेत हे काम फारसे परिचित नाही.

चुकीचा शोध

१९४४ मध्ये इंग्लंडमधील डी. एफ. फर्ग्युसन यांनी मेचिन यांच्या सूत्राऐवजी १/४, १/२० व १/१९८५ या अपूर्णांकांवर आधारलेले वेगळे सूत्र घेऊन पायची गणना सुरू केली. ५२८ व्या स्थळापासून त्यांचे अंक शँक्स यांच्या अंकांशी जुळेनात. नंतर फर्ग्युसन यांनी टेबलावरील गणनयंत्र वापरले. १९४८ मध्ये त्यांची व अमेरिकेतील जॉन रेंच यांची ८०८ स्थळांची किंमत एकत्रितपणे प्रसिद्ध झाली.

या संदर्भात ऑगस्टस डी मॉर्गन यांचे निरीक्षण नेहमी सांगितले जाते. शँक्स यांच्या ६०८ अंकांत प्रत्येक अंक सुमारे ६१ वेळा यावा अशी अपेक्षा असताना ७ हा अंक ४४ वेळाच येतो, हे त्यांनी नोंदवले होते. सातांचा तुटवडा चुकीमुळे निर्माण झाला, ही समजूत मात्र बरोबर नाही. पायच्या निर्विवाद अचूक अशा पहिल्या ५०० दशांश स्थळांतही ७ हा अंक ३६ वेळाच येतो. शंका रास्त होती, पण तिचा चुकीशी संबंध नव्हता. चूक सापडली ती दुसऱ्या मार्गाने केलेल्या गणनेमुळे.

मोठ्या पूर्णांकांच्या गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या जीएमपी (पहिली आवृत्ती १९९१) या लायब्ररीतही अशा पडताळणीला महत्त्व आहे. ती संगणकाच्या प्रोसेसरनुसार जुळवून बांधली जाते. बांधणीनंतर तिच्यासोबत दिलेल्या चाचण्या चालवाव्यात, असा आग्रह तिचे निर्माते धरतात. कारण लायब्ररीचा मजकूर निर्दोष असला तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर चुकू शकतो. पायचे अलीकडचे विक्रमही वेगळ्या सूत्राने शेवटचे काही अंक पडताळून पाहिल्यावरच मान्य होतात.

पॅरिसमधील पाले द ला देकूव्हर्त या विज्ञान संग्रहालयात १९३७ मध्ये एका गोल दालनाच्या घुमटावर शँक्स यांचे ७०७ अंक लाकडी अक्षरांत बसवण्यात आले होते. १९४९ मध्ये तेथील चुकीचे अंक काढून बरोबर अंक लावण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतील एनिॲक या संगणकाने, मेचिन यांचेच सूत्र वापरून, सुमारे ७० तासांत पायची २,०३७ स्थळे काढली.