धावणाऱ्याच्या धमन्या

बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे क्लॅरेन्स डीमार पोटासाठी छापखान्यात खिळे जुळवत. अमेरिकेतील ओहायो राज्यात ७ जून १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, बालपण गरिबीत सरले. पुढे नोकरीच्या ठिकाणी ते रोज धावतच जात-येत. हाच त्यांचा सराव.

१९१० मध्ये ते बॉस्टनला दुसरे आले. पुढच्या वर्षी शर्यतीआधी तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या हृदयात वेगळा आवाज ऐकू आला आणि त्यांनी धावणे सोडण्याचा सल्ला दिला. अतिश्रमाने हृदय झिजते, अशी त्या काळी समजूत होती. डीमार धावले आणि जिंकले. मात्र १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ते बारावे आले आणि त्यानंतर काही वर्षे स्पर्धांपासून जवळपास दूरच राहिले. डॉक्टरांचा इशारा हे त्याचे एक कारण होते.

१९२२ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते परतले आणि पुन्हा पहिले आले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. बॉस्टनचा सातवा विजय १९३० चा, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. तिथली शेवटची मॅरेथॉन त्यांनी ६५ व्या वर्षी धावली. ११ जून १९५८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या हृदयाची भीती घातली गेली होती, ते अखेरपर्यंत साथ देत राहिले.

शवविच्छेदनात खरी गोष्ट उघड झाली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उपचार करणारे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट आणि त्यांचे सहकारी जेम्स करेन्स यांनी १९६१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध केला. डीमार यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या. वयानुसार त्यांत थोडी चरबी साचली होती, पण वाट इतकी मोठी होती की रक्ताला अडथळा झाला नव्हता.

एका माणसावरून सिद्धांत ठरत नाही. त्यांच्या धमन्या जन्मतःच रुंद असू शकतात. पण नंतरच्या संशोधनाने दिशा तीच दाखवली. व्यायामात रक्ताचा वेग वाढतो आणि ते धमनीच्या आतल्या अस्तराला घासून वाहते. त्या घर्षणाने अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि धमनी तेवढ्यापुरती सैल होते. सराव महिनोन्‌महिने चालू राहिला, तर धमनीची रचनाच बदलते. ती रुंद होते आणि तिची भिंत पातळ होऊ शकते. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताची धमनी दुसऱ्या हातापेक्षा मोठी आढळते. उलट, मणक्याच्या दुखापतीने पाय निकामी झाले की पायांच्या धमन्या काही आठवड्यांतच आकसतात.

म्हणजे धमनी ही घरातली लोखंडी नळी नव्हे. जितके रक्त वाहते, तितकी वाट ती करून देते. मागणी थांबली की वाट पुन्हा आवळते. लातूर-नांदेडकडच्या तालमींत तरुणपणी घाम गाळलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. आखाडा सुटला आणि खुराक तसाच राहिला, तर जुनी कमाई फार दिवस पुरत नाही.

त्यासाठी मॅरेथॉन धावायलाच हवी असे नाही. रेणापुरात रेणुकादेवीच्या दर्शनाला रोज झपझप पायी जाणाऱ्याच्या धमन्यांनाही हेच शिक्षण मिळत असते. आठवड्यात दीडशे मिनिटे दम वाढेल असे चालणे पुरेसे मानले जाते. छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. व्यायामाने धमन्यांतील चरबीचा धोका पूर्ण टळत नाही, हेही डीमार यांच्याच धमन्यांनी दाखवले. त्यांचे वेगळेपण पदकांइतकेच सातत्यात होते: मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत त्यांनी धावणे सोडले नव्हते.