ईडन यांची पित्तनलिका

सुएझ म्हटले की ॲन्थनी ईडन आठवतात आणि ईडन म्हटले की फजिती. मला मात्र, शस्त्रक्रियेच्या व्यवसायात हयात गेल्यामुळे असेल, आधी आठवते ती त्यांची बोरूएवढी पित्तनलिका.

१८९७ साली जन्मलेला हा देखणा गृहस्थ पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवून परतला, ऑक्सफर्डला फारसी-अरबी शिकला आणि ३८व्या वर्षी ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला. १९३८ मध्ये चेंबरलेन यांच्याशी न पटल्याने राजीनामाही देऊन मोकळा झाला. पुढे चर्चिल यांचे वारस म्हणून ईडन यांनी किती वर्षे ताटकळावे!

१२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये त्यांचे पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली. यकृतातले पित्त आतड्यात नेणारी ही मुख्य वाट. मोटार अपघातात पोटावर दणका बसूनही ती फाटते. वर ओरखडाही नसतो. कावीळ, ताप आणि पोटाचा फुगारा काही दिवसांनी दिसू लागतो. आज सोनोग्राफी, एमआरआय आणि दुर्बिणीतून नळीत सोडलेले औषध यांनी गळती नेमकी सापडते, पुष्कळदा स्टेंटवर भागते. नळी पुरती तुटली तर ती आतड्याशी सांधावी लागते. ईडन यांच्या वेळी पोट पुन्हा उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दुसरी शस्त्रक्रिया त्याच महिन्यात झाली आणि जिवावर बेतली. जूनमध्ये बॉस्टनला रिचर्ड कॅटेल यांनी नलिका दुरुस्त केली. ईडन तिकडे असतानाच, २३ जूनला, चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. वारस धडधाकट असता तर पंतप्रधानपद तेव्हाच मिळते, असे माझे मत आहे. ते मिळाले एप्रिल १९५५ मध्ये.

सांधलेली नळी आकसली की पित्त तुंबते, जंतू वाढतात आणि हुडहुडी भरून ताप येतो. २६ जुलै १९५६ ला नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. ५ ऑक्टोबरला पत्नीला भेटायला रुग्णालयात गेलेले ईडन स्वतःच १०६ अंश तापाने तिथे दाखल झाले. महिनाअखेरीस ब्रिटिश विमाने इजिप्तवर बाँब टाकत होती आणि पंतप्रधान उत्तेजक गोळ्यांवर होते. तापाने युद्ध घडवले, असे मी म्हणणार नाही. ठणठणीत सहकाऱ्यांनीही त्याला संमती दिलीच होती. पण झोप उडालेल्या रोग्याचा तोल जाताना वॉर्डात मी फार पाहिला आहे.

९ जानेवारी १९५७ ला त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी कॅटेल यांनी नलिकेवर पुन्हा शस्त्रक्रिया केली. ईडन आणखी वीस वर्षे जगले आणि १९७७ मध्ये गेले, ते कर्करोगाने.